सिकलसेलच्या लेकराची टीसीडी: धडगाव भागातून निघणाऱ्यांसाठी

सिकलसेल म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार. त्यात लेकराला लकव्याचा धोका असतो. आधी हे ऐका: मानेचा डॉप्लर, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजायची तपासणी, करून घेऊ नका. आमच्या चिठ्ठीवर नुसतं ‘डॉप्लर’ लिहिलं होतं. शहरातल्या एका खाजगी सेंटरने माझ्या वर्गातल्या पोराच्या मानेवर प्रोब फिरवला, दोन हजार रुपये घेतले आणि सांगितलं, “सगळं नॉर्मल आहे, न्या घरी.” मजुरीचे पैसे होते ते, बापाने मोजून दिले. सिकलसेलमध्ये लकव्याचा धोका बघायचा असतो कवटीच्या आतल्या रक्तवाहिन्यांत, कानशिलाच्या पातळ हाडावर प्रोब ठेवून. त्या तपासणीला ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, टीसीडी म्हणतात. मानेचा रिपोर्ट तिच्या जागी चालत नाही. पैसे गेले त्याहून जास्त संताप येतो तो त्या खोट्या दिलाशाचा. चिठ्ठीवर ‘टीसीडी’ लिहून घ्या आणि निघण्याआधी फोन करून विचारा: “सिकलसेलच्या मुलांची टीसीडी करता का?” उत्तर अडखळलं तर गाडीत बसू नका.

ही तपासणी २ ते १६ वर्षांच्या एसएस, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून सिकलसेल आलेल्या, मुलांसाठी आहे. एएस, म्हणजे एकाकडूनच आलेल्या वाहकाला, तिची गरज नाही. शाळेत होणाऱ्या सोल्युबिलिटी चाचणीत वाहक आणि रुग्ण दोघंही पॉझिटिव्ह येतात, म्हणून वाहक की रुग्ण हे नक्की सांगणाऱ्या एचपीएलसी या रक्ततपासणीचा रिपोर्ट हातात असल्याशिवाय निघू नका.

आता धडगावहून तळोद्याकडे उतरणारा चांदसैली घाट. पावसाळ्यात पहाटे या घाटाने जाऊ नका, आजारी पोर घेऊन तर नाहीच. वळणावर दरड आली होती, जीप थांबली, आणि उघड्या गाडीत गार वाऱ्यात आम्ही ताटकळलो. सिकलसेलला थंडी आणि तहान दोन्ही वैरी; पोराचे गुडघे तिथेच दुखायला लागले. घोंगडी आणि पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या घेतल्याशिवाय गाडीत पाय ठेवू नका. उलटी होईल म्हणून काही जण पोराला पाणी देत नाहीत. तसं करू नका, पाजत राहा. तळोद्यापासून पुढचा रस्ता सरळ आहे. एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेल रुग्णाला सवलत आहे, प्रमाणपत्र वरच्या खिशात ठेवा.

खरी तपासणी नाशिकला झाली. रात्रभर प्रवास करून थेट टेबलावर नेऊ नका. मूल झोपलं तर रक्ताचा वेग वाढलेला दिसतो, रडून धापा टाकल्या तर कमी. तापातही आकडा बिघडतो. आम्ही आदल्या संध्याकाळी पोहोचलो, धर्मशाळेत झोपलो, सकाळी पोराला पोटभर खाऊ घालून नेलं. सुई नाही, इंजेक्शन नाही. पोर जागं राहून शांत पडलं की काम होतं.

‘नॉर्मल’ या शब्दावर उठू नका, डोक्याच्या दोन्ही बाजूंचा रक्ताच्या वेगाचा आकडा लिहून मागा. सेकंदाला १७० सेंटिमीटरच्या आत ठीक, १७० ते १९९ मधला, २०० किंवा वर धोक्याचा. २०० च्या वर गेलेल्या मुलांना नियमित रक्त चढवलं तर लकव्याच्या पहिल्या झटक्याचा धोका ९२ टक्क्यांनी घटतो, हे १९९८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं. म्हणून आकडा मोठा आला तरी घाबरून भगताकडे वळू नका, बालरोगतज्ज्ञाकडे जा. सिकलसेलवरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर स्वतःच्या मनाने बंद करू नका. आणि तोंड वाकडं झालं, हाताची ताकद गेली, बोलणं अडखळलं, तर टीसीडीची तारीख बघत बसू नका. त्याच घटकेला १०८ ला फोन.

पोराचा आकडा १८२ आला. बाप म्हणाला, “गुरुजी, म्हणजे वेळ आहे ना?” आहे! एवढ्या दगदगीनंतरही सांगतो, जा. वर्षानुवर्षं अंधारात राहण्यापेक्षा हा प्रवास केव्हाही परवडला. डॉक्टरांनी तीन महिन्यांनी परत बोलावलंय, तारीख दिवाळीनंतरची घेतली. तोवर घाटातल्या दरडीही थांबलेल्या असतील.