कॉलेजचा कंपू, रतनगड ते हरिश्चंद्रगड: चार दिवसांचा हिशेब

वीस-पंचवीस वर्षांनी पुन्हा एकत्र डोंगरात जायचं ठरलं की ग्रुपवर पहिलं नाव पडतं अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचं. ते तिथल्या तिथे खोडावं. त्या वाटेला दोर लागतो, आणि कॉलेजात असताना आपण दोराशिवाय कसे चढलो होतो हे रंगवून सांगणारा एकजण प्रत्येक कंपूत असतोच. त्याचं ऐकू नये.

चाळिशी-पन्नाशीच्या कंपूने वाट निवडताना एकच प्रश्न विचारावा: कुणाचा गुडघा दुसऱ्या दिवशी बोलायला लागला, तर तो माणूस कुठून घरी जाईल? रतनवाडी – रतनगड – कात्राबाईची खिंड – कुमशेत – पाचनई – हरिश्चंद्रगड ही वाट त्यासाठीच चांगली. डोंगर अस्सल, रान दाट, तरी दुसऱ्या रात्री कुमशेतला गाडीरस्ता मिळतो आणि तिसऱ्या दिवशी पाचनईला पुन्हा मिळतो. दोन्हीकडून राजूरला जीपने जाता येतं. एकाला परत पाठवायचं म्हणून बाकीच्यांचा ट्रेक मोडत नाही.

कधी, किती जण

डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत जावं. पावसाळ्यात मुळा नदीला आणि तिच्या ओढ्यांना पाणी असतं आणि धुक्यात कात्राबाईची वाट सापडत नाही. फेब्रुवारी सरला की वाटेतले ओढे कोरडे पडतात आणि पाठीवरचं पाणी वाढतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र, म्हणजे गोल इंद्रधनुष्य, दिसेल या आशेने कुणी जानेवारीत येत असेल तर त्याला आधीच सांगा. त्यासाठी कड्याखाली ढग आणि पाठीशी ऊन लागतं, म्हणजे तो पावसाळ्यातला खेळ. ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्सने १८३५ साली नोंद केली तीही याच गोलाकार इंद्रधनुष्याची.

सहा ते आठ जण पुरेत. दहाच्या वर गेलं की दर विश्रांती वीस मिनिटांची होते आणि संध्याकाळी अंधार गाठतो. ग्रुपवर चौदा जण ‘येणार’ म्हणतात आणि स्टेशनवर सहा उतरतात, त्यामुळे वेगळी गाळणी लावायची गरज सहसा पडत नाही. परदेशातून येणाऱ्याने विमानातून उतरल्यावर निदान तीन रात्री नीट झोपून मगच निघावं. त्याच्या सामानातून गॅसचा डबा आणायला सांगू नका, विमानात तो चालत नाही. काठ्या चेक-इनच्या बॅगेत टाकाव्यात.

बूट: सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट

माळ्यावरून काढलेले जुने ट्रेकिंगचे बूट वरून नवेकोरे दिसतात आणि पहिल्याच उतारावर तळ सोडतात. कारण झिजण्याचं नसून हवेतल्या ओलाव्याचं आहे. बऱ्याच बुटांच्या तळातला मधला थर पॉलियुरेथेनचा असतो. दमटपणात त्याचं हळूहळू विघटन होतं आणि तो भुसभुशीत होतो. बूट वापरले नाहीत तरी हे होतंच, उलट डब्यात बंद पडून राहिलेले बूट जास्त दगा देतात. मुंबई-कोकणातल्या हवेत तर विचारूच नका.

घरी तपासणी अशी करावी: बूट दोन्ही हातांनी पुढून मागे वाकवा, तळ आणि वरचा भाग जुळतो तिथे अंगठ्याने दाबून पाहा, मधल्या थरात नख रुतवून पाहा. भुगा निघाला किंवा बारीक चीर दिसली की बूट बाद. ठीक वाटले तरी ते घालून निदान आठ किलोमीटर चाला. नवे घेणार असाल तर संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असताना घ्या. जाड मोजा घालून, टाच मागे टेकवून उभं राहिल्यावर बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर चौथ्या दिवशी टोलार खिंडीच्या उतारावर अंगठ्याची नखं काळी पडतात. नखं निघण्याच्या तीन-चार दिवस आधी कापावीत, आदल्या रात्री नको.

एवढं करूनही कंपूत एकाचा तळ निघतोच. पाण्याच्या बाटलीभोवती दोन मीटर डक्ट टेप गुंडाळून ठेवा आणि जोडीला चार प्लॅस्टिक टाय व तीन मीटर बारीक दोरी. नुसती टेप मुरमावर तासाभरात फाटते. आधी दोरीने बूट पुढच्या बोटांपाशी आणि मधल्या खळग्यात असा दोन जागी आवळायचा, त्यावरून टेप. मग कुमशेतपर्यंत निभावतं.

तयारी

आठ आठवडे आधी सुरुवात. चालणं सगळेच करतात, उतरण्याचा सराव कुणी करत नाही, आणि मांड्या भरून येतात त्या उतरताना. कारण उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलत असतो. इमारतीचा जिना चढून लिफ्टने खाली येणं म्हणजे अर्धा व्यायाम, जिन्यानेच उतरा. आठवड्यातून तीनदा, पाठीवर आधी तीन किलो, मग पाच, मग आठ. निघण्याआधी दोन आठवडे आतकरवाडीतून सिंहगड आठ किलोसह चढून उतरून पाहावा. तिथला चढ रतनवाडी-रतनगडाच्या जवळपास तेवढाच आहे, साधारण साडेपाचशे-सहाशे मीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कठडा धरावा लागला तर अजून तयारी हवी. रक्तदाब, साखर, हृदयाचा काही त्रास असलेल्याने डॉक्टरांना ‘चार दिवस, दहा किलो, रोज सहा तास’ या शब्दांत विचारावं. ‘ट्रेकला जाऊ का’ या प्रश्नाला ‘जा की’ एवढंच उत्तर मिळतं.

पाठीवर काय

पाण्यासकट दहा किलो, त्याच्या वर नाही. सॅक दीड, स्लीपिंग बॅग सव्वा, कॅरीमॅट चारशे ग्रॅम, कपडे दीड, पाणी तीन लिटर म्हणजे तीन किलो, सामायिक सामानातला वाटा एक, खाऊ आठशे ग्रॅम, आणि टॉर्च-औषधं-चिल्लर मिळून पाचेकशे. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालून सगळं त्यात भरावं. बाहेरचं रेनकव्हर झुडपाला अडकून फाटतं. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या पातळीला. वजन तळाशी गेलं की सॅक मागे ओढते आणि माणूस पुढे वाकून कंबर धरतो.

अंगात सुती टीशर्ट नको. घामाने भिजलेलं सुती कापड गुहेत रात्रभर वाळत नाही आणि थंडी तिथूनच शिरते. मोज्यांचे तीन जोड, त्यातला एक फक्त झोपायला. ऐन जानेवारीत पहाटे चांगलंच गारठतं, आणि गारवा वरून येतो त्याहून खालच्या दगडातून जास्त येतो. म्हणून स्लीपिंग बॅग कितीही भारी असली तरी कॅरीमॅट सोडू नये.

शिधा

इथे जुन्या सवयी आड येतात. कॉलेजात कांदे-बटाट्यांची पोती वाहिली म्हणून आताही वाहायची गरज नाही. कुमशेतला आणि पाचनईला घरगुती जेवण मिळतं. हरिश्चंद्रगडावर हंगामात देवळाजवळ स्थानिक लोक झोपड्यांतून पिठलं-भाकरी देतात. शक्य तिथे आदल्या दिवशी माणसांचा आकडा कळवावा. आठ जणांच्या भाकऱ्या चुलीवर ऐनवेळी होत नाहीत. रोख पैसे आणि तेही सुटे न्यावेत, शेंडी किंवा राजूर सोडलं की एटीएम विसरा.

म्हणजे स्वतः रांधायचं ते फक्त रतनगडावरच्या रात्री. सहा जणांना साडेपाचशे ग्रॅम तांदूळ, अडीचशे ग्रॅम मूगडाळ, शंभर ग्रॅम तूप, हळद-मीठ-जिरं घरूनच एका पुडीत. तीन लिटरचा कुकर असेल तर दोन खेपा करा. डाळ फेसाळून शिटीत अडकते, म्हणून खिचडीसाठी कुकर निम्म्याहून जास्त भरू नये. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवले की गॅस वाचतो. २३० ग्रॅमचा एक डबा एवढ्या स्वयंपाकाला आणि दोन वेळच्या चहाला पुरतो, दुसरा जोडीला असू द्या. नुसत्या ब्युटेनचा डबा पहाटेच्या गारठ्यात मंद जळतो. तो रात्री स्लीपिंग बॅगेत पायाशी ठेवला की सकाळी कुरकुर करत नाही. बंद तंबूत मात्र स्टोव्ह पेटवायचा नाही.

दुसऱ्या दुपारसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ. चालता चालता चिक्की, खजूर, भडंग. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटरातच घालायचं. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं की तहान आणखी वाढते.

चार दिवस

*पहिला.* मुंबईकरांनी कसारा लोकल आणि तिथून जीपने शेंडीमार्गे रतनवाडी. पुणेकरांना आळेफाटा-कोतूळ-राजूर बरं पडतं. अमृतेश्वराचं देऊळ बघायला अर्धा तास ठेवाच, नक्षीकाम बघण्यासारखं आहे. दुपारी बाराच्या आत चढायला लागावं. वाटेत फुटणारा कात्राबाईचा फाटा ओळखून ठेवा, उद्या तिथेच परत यायचं आहे. वरती लोखंडी शिड्या लागतात. शिडीवर एका वेळी एकच माणूस, आणि काठ्या आधी सॅकला बांधून. मुक्काम गुहेत. टाक्याचं पाणी चौपदरी सुती फडक्यातून गाळून मग क्लोरीनची गोळी, आणि अर्धा तास थांबणं. गढूळ पाण्यात गोळीचा जोर गाळावरच संपतो, म्हणून गाळणं आधी. उंदीर सॅक कुरतडतात, खाऊ दोरीने टांगा. नेढ्यात (कातळातल्या आरपार भोकात) सूर्यास्त बघायचा असेल तर टॉर्च खिशात.

*दुसरा.* हाच खरा दिवस. चालणं साडेपाच-सहा तासांचं, मोडून-थांबून आठ. सातला निघा. प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी. फाट्यावरून पुढे कात्राबाईच्या खिंडीपर्यंतच्या रानात ढोरवाटा इतक्या आहेत की मोबाइलमधला नकाशाही गोंधळतो, आणि रेंज तर नसतेच. रतनवाडीतून वाटाड्या घ्या. यात कमीपणा नाही. चुकलेल्या वाटेचे दोन तास याच दिवशी सगळ्यात महाग पडतात. चालीचा क्रम असा: सगळ्यात सावकाश चालणारा दुसऱ्या नंबरवर, सगळ्यात दमदार शेवटी. उलट केलं की मागच्याला विश्रांती मिळतच नाही. तो पोचतो तोवर पुढचे उठून निघतात. पुढच्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा माणूस डोळ्यांनी दिसेपर्यंत.

खिंडीपलीकडचा उतार तीव्र आहे. काठी पाच-दहा सेंटिमीटरने लांब करा, पावलं छोटी टाका, गुडघा ताठ ठेवून आदळू नका. टाचेला किंवा करंगळीला चटका जाणवला की त्याच क्षणी थांबून कागदी चिकटपट्टी लावायची. ‘गावात गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला गावात फोडच बघायला मिळतो. आलेला फोड फोडू नये. अंगदुखीवर पॅरासिटामॉल बरी. पाणी कमी प्यायलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतात.

सह्याद्रीतल्या कड्यांवर आग्या मोहोळं असतात. अत्तर, डिओ, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच, तर हात न झटकता तोंड-डोकं झाकून लांब निघून जायचं.

*तिसरा.* कुमशेतहून पेठेच्या वाडीवरून पाचनई, पाठीमागे आजोबाचा डोंगर. पाचनईला जेवून तासभर आडवं व्हावं. इथेच ठरवायचं कुणी थांबायचं ते. वरची चढण सोपी, दोन-अडीच तासांची, अवघड जागी कठडे आहेत. केदारेश्वराच्या गुहेतलं पाणी कमरेएवढं आणि बर्फासारखं असतं. घामाघूम अंगाने थेट उतरू नका. कोकणकडा दिवसाच बघावा, काठावर पालथं झोपून. कडा आत वळलेला आहे, म्हणून उभ्याने खाली काही दिसतही नाही. काळोखात आणि दारू पोटात असताना तिथे जाण्याबद्दल कंपूत चर्चाच नको. बाटली घरी ठेवायची.

*चौथा.* टोलार खिंडीतून खिरेश्वर, चार-पाच तास. देवळापासून खिंडीपर्यंत टेकड्यांची चढउतार संपता संपत नाही, मग कठडे लावलेला कातळ. तो उतरताना तोंड कातळाकडे ठेवायचं आणि खालच्या माणसाने वरच्याला पाय कुठे टाकायचा ते सांगायचं. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, बसायला सावलीही. गुडघे कुरकुरत असतील तर हा उतार सोडून पाचनईनेच उतरावं. खिरेश्वरहून खुबी फाटा पाचेक किलोमीटर, धरणाच्या कडेने, आणि डांबरी रस्त्यावर ते पाच किलोमीटर बुटांत नकोसे होतात. सॅकच्या वरच्या कप्प्यात चपला ठेवल्या असतील तर त्या इथे काढायच्या. फाट्यावर कल्याण-नगर रस्त्याची एसटी मिळते.