पोर्ट रॉयल ते बार्बाडोस: सात जहाजे आणि समोरचा वारा

‘सिड मायर्स पायरेट्स!’ या संगणकावरच्या गेममधल्या नकाशावर जमैकातले पोर्ट रॉयल आणि पूर्वेच्या टोकाचे बार्बाडोस यांच्यात वीतभरच अंतर दिसते. तेवढ्या पट्ट्यात माझी सव्वा वर्षाची मोहीम मोडली, मालाने भरलेली दोन गॅलियन, म्हणजे मोठी पण मंद जहाजे, माझ्याच खलाशांनी पळवून नेली, आणि ज्या साखरेसाठी हा सगळा खटाटोप केला होता ती निम्म्याहून अधिक हातची गेली. या गोष्टीला आता बरेच आठवडे झाले आणि पुढची मोहीम चांगली पारही पडली, तरी त्या प्रवासाची चीड मनातून गेलेली नाही. हा गेम खेळणाऱ्या दुसऱ्या कोणाची तरी एवढी दमछाक वाचावी, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

हा गेम मुळात १९८७ सालचा; मी खेळते ती २००४ साली आलेली नवी आवृत्ती. सतराव्या शतकातला कॅरिबियन समुद्र, त्याच्या काठाने इंग्लंड, फ्रान्स, हॉलंड आणि स्पेन या चार सत्तांची बंदरे, आणि त्यांच्या वैरावर पोट भरणारा एक कप्तान, म्हणजे आपण, अशी त्याची मांडणी आहे. काठिण्याच्या पाच पायऱ्यांपैकी चौथी, ‘रोग’ (इंग्रजी Rogue, म्हणजे लबाड), मी निवडली होती. साल १६६० आणि बाजू इंग्लंडची. सुरुवातीचे महिने सुरळीत गेले, त्यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. कँपेचे आणि व्हेरा क्रूझ या स्पॅनिश बंदरांच्या आसपास, म्हणजे नकाशाच्या अगदी पश्चिमेला, मी एकामागून एक मालवाहू जहाजे धरत गेले.

लढाईचे तंत्र मला तोवर बसले होते. मी स्लूपवरून लढत असे. स्लूप लहान आणि हलके असले तरी चटकन वळते, आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या दिशेच्या बऱ्याच जवळ तोंड करून चालू शकते, जे मोठ्या जहाजांना जमत नाही. तोफा जहाजाच्या दोन्ही कुशींना असतात, पुढे किंवा मागे मारा होत नाही. म्हणून गॅलियनच्या कुशीसमोर न जाता त्याच्या पिछाडीला चिकटायचे, साखळी गोळ्यांनी त्याची शिडे फाडायची, वेग मेला की जवळ जाऊन छर्र्यांनी माणसे कमी करायची आणि मग चढाई करायची, हा माझा क्रम ठरलेला होता. साधे गोळे सर्वांत लांब जातात, पण ते जहाजाचा सांगाडा फोडतात, आणि जे जहाज पुढे विकायचे आहे ते स्वतःच फोडण्यात काही शहाणपण नाही. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची गुराबे आणि गलबते मोठ्या युरोपीय जहाजाच्या पिछाडीला राहून त्याच्या शिडा-डोलकाठ्यांवर मारा करीत, हे मी पूर्वी वाचलेले होते, त्यामुळे पहिल्या लढाईपासून मी पिछाडीच धरली. या बाबतीत मला कोणाकडून काही शिकावे लागले नाही, याचा मला अभिमान आहे.

मात्र या गेममध्ये लढाईत आपले एकच जहाज उतरते. ताफ्यात जास्तीत जास्त आठ जहाजे ठेवता येतात, पण आठ जहाजे आहेत म्हणून आठ जहाजांच्या तोफा मिळत नाहीत. बाकीची जहाजे ही माल ठेवण्याची जागा असते, विकण्याची वस्तू असते आणि खाणाऱ्या माणसांचे ओझे असते. हे शेवटचे मी लक्षात घेतले नाही, आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली.

अकराव्या महिन्याच्या अखेरीस मी पोर्ट रॉयलला पोहोचले तेव्हा माझ्याकडे सात जहाजे होती: एक स्लूप, दोन ब्रिगंटिन (मध्यम आकाराची जहाजे) आणि चार गॅलियन. खलाशी अडीचशेच्या आसपास होते. साखर, मसाले आणि चैनीच्या वस्तू यांनी गॅलियनची पोटे भरलेली होती. बंदरात विक्री सुरू केली आणि थोड्याच वेळात व्यापाऱ्याकडची सोन्याची नाणी संपली. प्रत्येक बंदरातल्या व्यापाऱ्याकडे ठरावीकच सोने असते आणि ते हळूहळू भरून येते, हे मला माहीत होते. पण माझा माल त्याच्या ऐपतीच्या कितीतरी पट होता. अशा वेळी करायची गोष्ट सोपी होती. उरलेला माल जवळच्या फ्रेंच बंदरांत, म्हणजे पेटी गोआव्ह किंवा टोर्टुगाला, थोडा थोडा विकायचा आणि रिकामी झालेली गॅलियन जिथल्या तिथे जहाजबांधणी करणाऱ्याला देऊन टाकायची. फ्रान्सशी माझे काही वैर नव्हते. पण पूर्वेकडे इंग्रजांची सेंट किट्स, नेव्हिस, अँटिग्वा आणि बार्बाडोस ही बंदरे ओळीने आहेत, तिथे सगळा माल आपल्याच लोकांना विकता येईल, आणि बार्बाडोसच्या गव्हर्नरकडेही जाऊन येता येईल, असा विचार करून मी ताफ्याचे तोंड पूर्वेकडे वळवले.

कॅरिबियनमध्ये वारा बहुतेक काळ पूर्वेकडून वाहतो. इतिहासातही तसेच होते. युरोपातून येणारी स्पॅनिश जहाजे पूर्वेच्या बेटांमधून आत शिरत, आणि परतताना त्याच वाटेने न जाता हवानाला जमून फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतून उत्तरेकडे निघत, कारण भरलेली जहाजे घेऊन वाऱ्याच्या तोंडावर पूर्वेकडे जाणे त्यांनाही परवडत नव्हते. पश्चिमेकडे येताना मला या वाऱ्याची साथ होती, म्हणून तो माझ्या ध्यानातच आला नव्हता. आता तो समोर उभा राहिला, आणि काठिण्याची पायरी जितकी वरची तितका समोरचा वारा जास्त जाचतो.

त्यात ताफ्याचा वेग हा ताफ्यातल्या सर्वांत मंद जहाजाचा वेग असतो. माझे स्लूप एकटे असते तर ते वाऱ्याला तिरके धरून चालले असते, पण मागे चार गॅलियन होती, त्यांतल्या एकाची शिडे लढाईत फाटलेली होती आणि मी पोर्ट रॉयलला दुरुस्तीवर खर्च करायचे टाळले होते. नुकसान झालेले जहाज आणखी मंद होते, म्हणजे त्या एका जहाजाच्या फाटलेल्या शिडांनी सातही जहाजांना जखडून ठेवले. जमैकाच्या पूर्वेला असलेल्या हिस्पॅनिओला बेटाच्या दक्षिण किनाऱ्याला लागेपर्यंतच एक महिना गेला. स्क्रीनवर किनारा जवळजवळ हलत नव्हता. पूर्वेकडे थेट तोंड केले की ताफा जागीच थांबल्यासारखा होई. मग मी ईशान्येला वळे, किनारा जवळ येई, मग आग्नेयेला वळे, आणि दहा मिनिटांनी पाहावे तर तेच झाड, तोच डोंगर. रात्री साडेअकराला खेळायला बसले होते. दीड वाजला तरी सांतो डोमिंगो मागे पडले नव्हते.

सांतो डोमिंगो स्पेनचे आहे. एवढा मंद ताफा त्याच्या समोरून जात असताना तिथून एक युद्धजहाज बाहेर पडले, आणि त्याच्यापासून पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता. लढाई मी जिंकले, पण चाळीसच्या वर माणसे गमावली, आणि त्या जहाजाला ताफ्यात घेण्याइतकी माणसे उरली नाहीत, कारण प्रत्येक जहाज चालवायला किमान काही खलाशी लागतातच. ते जहाज बुडवावे लागले.

या सगळ्या काळात खलाशांचे मनोबल उतरत होते. त्याचा हिशेब दोन गोष्टींवर चालतो: मोहीम सुरू होऊन किती काळ झाला, आणि जमलेले सोने माणशी किती येते. माझे सोने मालाच्या रूपात गॅलियनच्या पोटात अडकलेले होते, आणि न विकलेल्या साखरेने कोणी खलाशी खूश होत नाही. तेराव्या महिन्यात ते नाराज झाले. मी अन्नसाठा पाहिला, तो दोन महिन्यांचा होता, म्हणून मी निर्धास्त राहिले. इथे माझी समजूत चुकली. मला उपासमारीची भीती वाटत होती, आणि धोका मात्र वेळेचा होता. पुढे काही दिवसांतच पहिले गॅलियन ताफ्यातून फुटले. खलाशी ते घेऊन निघून गेले. त्यातली साखर गेली आणि त्यावरची माणसेही गेली. पोर्तो रिकोच्या दक्षिणेला दुसरे गेले. दोन्ही वेळा मला करता येण्यासारखे काहीही नव्हते. लढाई नव्हती, बोलणी नव्हती, फक्त एक सूचना आणि ताफ्याच्या यादीतून कमी झालेले एक जहाज. कितीतरी रात्री खपून जे धरले होते, ते असे निघून जाताना पाहून मला खरोखर रडू आले.

तेव्हा मी ताफा वळवला. वारा पाठीवर येताच तीच गॅलियन धावू लागली, आणि ज्या किनाऱ्याने पूर्वेकडे जायला दोन महिन्यांच्या वर लागले होते, तो किनारा थोड्याच दिवसांत मागे पडला. हिस्पॅनिओलाचे पश्चिमेचे टोक वळून मी पेटी गोआव्हच्या आखातात शिरले. तिथल्या व्यापाऱ्याने उरलेली साखर घेतली, जहाजबांधणी करणाऱ्याने दोन्ही गॅलियन घेतली, आणि फ्रेंच गव्हर्नरने माझे स्वागत केले. हे बंदर पोर्ट रॉयलपासून इतके जवळ आहे की पहिल्याच दिवशी इकडे आले असते तर सगळा प्रश्न आठवड्याभरात सुटला असता. माझी सगळ्यांत मोठी चीड त्या आठवड्यापायी आहे.

त्यानंतर लुटीची वाटणी केली. वाटणीनंतर खलाशी पांगतात आणि आपल्याकडे मुख्य जहाज राहते, म्हणून जादा जहाजे, जादा तोफा आणि उरलेला माल आधी विकून टाकावा. हे मी पूर्वीच्या एका मोहिमेत शिकले होते, त्यामुळे निदान इथे नुकसान झाले नाही. वाटणीत बरेच महिने निघून जातात आणि कप्तानाचे वय वाढते, म्हणून ती फार लवकर लवकर करणेही चांगले नाही.

पुढच्या मोहिमेत मी हट्टाने पुन्हा पोर्ट रॉयल ते बार्बाडोस हाच प्रवास केला. ताफ्यात फक्त दोन स्लूप ठेवली आणि त्यांना सुती कापडाची शिडे व तळाला तांब्याचा पत्रा लावून घेतला. पहिल्याने वेग वाढतो, दुसऱ्याने वळण चटकन घेता येते. माणसे नव्वदच घेतली, त्यामुळे माणशी वाटा मोठा राहिला. मालात साखर अजिबात घेतली नाही; थोडी जागा व्यापून चांगला भाव देणाऱ्या चैनीच्या वस्तू आणि मसाले एवढेच भरले. एका पकडलेल्या जहाजावर मला दिशा पाहणारा जाणकार मिळाला होता, त्याच्यामुळे ताफ्याचा प्रवास जलद होतो. असा माणूस, किंवा मनोबलाची घसरण मंद करणारा क्वार्टरमास्टर, ज्या जहाजावर असेल ते जहाज माल कमी असला तरी धरावे. आणि या वेळी मी हिस्पॅनिओलाच्या किनाऱ्याला चिकटले नाही. आधी वारा डाव्या कुशीवर घेऊन आग्नेयेला कुरासावपर्यंत उतरले, तिथल्या डच व्यापाऱ्याला निम्मा माल विकला, आणि मग ईशान्येला व आग्नेयेला आलटून पालटून लांब पल्ले घेत बार्बाडोस गाठले. आखूड पल्ल्यांत प्रत्येक वळणावर वेग मरतो. लांब पल्ल्यांत तो टिकतो. वाटेत एक वादळाचा ढग दिसला, त्याच्या कडेकडेने गेले, कारण तिथे वाऱ्याचा जोर मिळतो, फक्त आत शिरले तर नुकसान होते.

पाच आठवडे लागले. गेल्या वेळी तेवढ्या काळात मी सांतो डोमिंगोपर्यंतही गेले नव्हते. बार्बाडोसचे बंदर समोर आले तेव्हा खलाशी खूश होते, अन्न शिल्लक होते, आणि मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली, इतके मला बरे वाटले.

एक गोष्ट वर लढाईच्या भागात सांगायची राहिली. साखळी गोळे आणि छर्रे जहाजाबरोबर आपोआप मिळत नाहीत, ते मैत्रीच्या बंदरात विकत घ्यावे लागतात आणि ज्या जहाजासाठी घेतले त्या जहाजावरच राहतात. मी एकदा मुख्य जहाज बदलून ब्रिगंटिनवर गेले आणि ऐन लढाईत साधे गोळे सोडून हाताशी काहीच नाही असे लक्षात आले. म्हणून लढाईला भिडण्यापूर्वी मुख्य जहाज कोणते निवडले आहे, ते एकदा पाहून घ्यावे.