पिप म्हणतो आहे, पायथन म्हणतो नाही

मंगळवार, रात्री साडेअकरा

आजचा सगळा दिवस सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, कारखान्याच्या ऑफिसात, एका ओळीपायी गेला. चादरी-टॉवेलच्या स्टॉकची एक्सेल शीट वाचून पार्टीवार यादी काढणारा माझा पायथन प्रोग्राम घरच्या लॅपटॉपवर चार महिने बिनतक्रार चालतोय. ऑफिसच्या मशीनवर पहिल्याच ओळीला 'मॉड्यूल नॉट फाउंड एरर'. ओपनपायएक्सएल, म्हणजे एक्सेल वाचायचं पायथनचं पॅकेज, सापडत नाही म्हणे. पायथनची पॅकेजेस टाकणाऱ्या पिपला विचारलं तर 'रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड'. आहे तर मग दिसंना का बे?

मशीन बंद-चालू केलं. दोनदा. आता लिहितानाही लाज वाटतेय, कारण उत्तर पिपच्याच ओळीत होतं. 'सॅटिस्फाइड'च्या पुढं फोल्डरचा पत्ता असतो, तो मी वाचलाच नव्हता. त्यात 'पायथन३८'. प्रोग्राम कुठल्या पायथनवर चालतोय ते सांगणारं सिस डॉट एक्झिक्युटेबल छापून बघितलं, तर तिथं 'पायथन३१२'. आधीच्या कुणीतरी टाकलेलं जुनं ३.८ व्हर्जन तसंच पडून होतं, आणि पिप त्याचा होता. प्रत्येक पायथनचं पॅकेजेस ठेवायचं साइट-पॅकेजेस फोल्डर वेगळं. एक दुसऱ्याच्यात डोकावत नाही.

आमच्या लाइनीत एकाच आडनावाचे दोन कारखाने आहेत. सुताची बाचकी कधीकधी शेजारी उतरतात. ट्रान्सपोर्टवाला सहीची पावती दाखवतो, आमचा मागांवरचा जॉबर माल आला नाही म्हणून बोंबलतो. खोटं कुणीच बोलत नसतं. तसलंच हे.

मग नुसतं पिप न म्हणता ३.१२ चा पूर्ण पत्ता देऊन त्याच्यापुढं 'डॅश एम पिप इन्स्टॉल ओपनपायएक्सएल' लिहिलं. इन्स्टॉल झालं एकदाचं. चालतंय का बघायला त्याच फोल्डरात दोन ओळींची फाइल केली आणि तिला नाव काय दिलं? ओपनपायएक्सएल डॉट पीवाय! पायथन आधी प्रोग्रामच्या स्वतःच्या फोल्डरात शोधतो, त्याला माझीच फाइल गावली. आता तक्रार वेगळी: यात एक्सेल फाइल उघडणारं 'लोड वर्कबुक' नाही. नसणारच की. या भानगडीत अजून अर्धा तास. फाइलचं नाव बदललं, यादी निघाली.

मालकांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा कपाळावर सरकवला. "टॉवेल नगात धरलेत का डझनात?"

ते उद्या बघतो.