वसतिगृहात फ्लू होतो तेव्हा : पहिल्या दोन दिवसांविषयी

अमेरिकेतील विद्यापीठांत डिसेंबर ते फेब्रुवारी हे फ्लूचे दिवस. बाहेर बर्फ असल्याने वसतिगृहाच्या खिडक्या उघडत नाहीत, एका खोलीत दोघे राहतात, मजल्यावरच्या सर्वांना मिळून एकच स्नानगृह असते आणि जेवण शेकडो मुलांसोबत एकाच भोजनगृहात होते. त्यामुळे एकाला आलेला ताप पाहता पाहता मजलाभर पसरतो. मी मिशिगन राज्यात संशोधन करतो, आणि लातूर, नांदेड, परभणीकडून नव्याने आलेले कोणी आजारी पडले की पहिला फोन बहुधा मला येतो. तो फोन जवळजवळ नेहमीच उशिरा येतो, आणि आज त्या उशिराविषयीच लिहायचे आहे.

घरच्यांना काळजी नको, वर्ग बुडायला नको, ही कारणे आहेतच; पण कर्ज काढून शिकायला आलेल्या मुलाला सर्वांत मोठी भीती असते ती बिलाची. मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागाबाबत ती खोटी नाही. मात्र बहुतेक विद्यापीठांचे स्वतःचे आरोग्य केंद्र असते, तेथील साध्या तपासणीचा खर्च पुष्कळ ठिकाणी आपण आधीच भरलेल्या शुल्कात धरलेला असतो, आणि कित्येक ठिकाणी रात्रीही परिचारिकेशी फोनवर बोलता येते. ही चौकशी ताप येण्याआधी, प्रवेशाच्या पहिल्याच आठवड्यात करून ठेवावी, कारण फ्लूवरील ओसेल्टामिव्हिर हे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून 48 तासांच्या आत घेतल्यास सर्वाधिक उपयोगी पडते. डॉक्टर ते प्रत्येकाला देत नाहीत. पण ज्यांना दमा किंवा मधुमेह आहे, त्यांनी हे दोन दिवस पांघरुणात मुळीच घालवू नयेत.

उदगीरकडच्या एका मुलाने ते तसेच घालवले. त्याला लहानपणापासून दमा होता आणि ते त्याने खोलीतल्या जोडीदारालाही सांगितले नव्हते. मी गेलो तेव्हा टेबलावर घरून आणलेली डोलोची पाकिटे होती आणि शेजारी इथल्या दुकानातले रात्री घ्यायचे सर्दीचे औषध. त्या बाटलीवर बारीक अक्षरांत अ‍ॅसिटामिनोफेन लिहिलेले होते, म्हणजे डोलोत असते ते आपले पॅरासिटामॉलच. दोन्ही मिळून दिवसाची मात्रा चार ग्रॅमच्या वर गेली तर यकृताला इजा होऊ शकते. बाटली बाजूला ठेवून आम्ही आधी आरोग्य केंद्राला फोन लावला.

त्याच रात्री त्याच्या वडिलांनी मला विचारले, “लेकराला खोलीत एकटंच ठेवलंय का?” त्या प्रश्नामागची भीती मला कळत होती. 2020 च्या उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून परतलेल्या माणसांना गावोगावच्या जिल्हा परिषद शाळांत ठेवले गेले, आणि आपल्याच माणसांकडे संशयाने पाहिले गेल्याची आठवण आपल्याकडे अजून ताजी आहे. त्यांना मी सविस्तर सांगितले, की जोडीदार दुसऱ्या खोलीत गेला आहे, जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवला जातो, प्राध्यापकांना ईमेल गेला आहे आणि रात्री आम्ही आळीपाळीने फोन करतो. फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकतो आणि नंतरही पाच ते सात दिवस पसरवतो. म्हणूनच जोडीदाराला ताबडतोब सांगणे, हे मला त्याच्यावरचे उपकार नव्हे तर त्याचा हक्क वाटतो.

घरून सलाईनचा आग्रह होतो. तालुक्याच्या गावी अशक्तपणा आला की सलाईन लावून घेण्याची सवय असल्याने, डॉक्टरांनी फक्त विश्रांती आणि भरपूर पाणी सांगून परत पाठवले, तर दुर्लक्ष झाले असे वाटते. परंतु पाणी पोटात टिकत असेल तर सलाईनची गरज नसते, आणि फ्लू विषाणूमुळे होत असल्याने प्रतिजैविकांचाही त्यावर परिणाम होत नाही. ओव्याची धुरी मात्र खोलीत कधीही घेऊ नये. धुराची घंटा वाजली तर थंडीत सगळी इमारत रिकामी करावी लागते आणि तापाने फणफणलेल्यालाही बाहेर उभे राहावे लागते.

वर्गात परत कधी जायचे, याविषयी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने मार्च 2024 मध्ये सोपा नियम दिला आहे : एकंदर प्रकृती सुधारत असली पाहिजे आणि तापाचे औषध न घेता 24 तास ताप नसला पाहिजे, त्यानंतरही पाच दिवस मास्क, मोकळी हवा आणि अंतर यांची काळजी घ्यावी. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. तिचा परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागत असल्याने ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच घेतलेली बरी.

घरच्यांनी फोनवर “काय खाल्लंस?” याच्या आधी ताप किती आहे, लघवी नेहमीसारखी होते का आणि आरोग्य केंद्राला कळवले का, हे विचारावे. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तेवढ्याने घाबरू नये. पण उतरलेला ताप पुन्हा चढला किंवा खोकला वाढला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला लावावे, आणि धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा बोलणे असंबद्ध वाटत असेल, तर बिलाचा विचार न करता 911 या तिथल्या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर फोन करायला सांगावे.