लेक लुईस वरून पाहताना: बिग बीहाइव्हची चढाई

कॅनडाच्या रॉकी पर्वतातल्या लेक लुईस या सरोवरावर आलेली माणसं काठावर फोटो काढतात, हॉटेलसमोर थोडं फिरतात आणि तासाभरात पुढच्या ठिकाणाला निघतात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या टूरच्या गाड्यांचंही तेच. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते सरोवर कळतं ते पाण्यापासून पाचशे मीटर वर, बिग बीहाइव्ह या कड्याच्या माथ्यावर गेल्यावर. कॅलगरीत राहायला आल्यापासून उन्हाळ्यात घरी आलेल्या पाहुण्यांपैकी ज्यांचे गुडघे साथ देतात, त्यांना मी तिकडेच नेते. या जुलैत बाबा आले होते. आयुष्यभर सह्याद्रीत भटकलेला माणूस, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता.

कॅलगरीहून गाडीने दोन तास. सरोवराजवळचं पार्किंग मात्र भल्या पहाटे भरतं. त्यापेक्षा पार्क्स कॅनडाची (राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेची) शटल बस आधीच बुक करून ठेवावी. बऱ्याच जागा दोन दिवस आधी सकाळी आठला खुल्या होतात, तेव्हा फोन हातात घेऊन तयार बसायचं. शेजारच्या मोरेन लेकला तर २०२३पासून खाजगी गाड्या सोडतच नाहीत.

सुरुवातीची वाट स्प्रूस आणि फरच्या दाट जंगलातून, रुंद आणि चांगली मळलेली. "अगं, ही वाट आहे की गाडीरस्ता?" बाबांनी विचारलं. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी कुणी शहाणा माणूस गड चढत नाही. इथे जुलैतही सकाळी स्वेटर लागतो आणि उजेड रात्री साडेनऊ-दहापर्यंत असतो, त्यामुळे घाई कसलीच नाही. फक्त दुपारी ढग गडगडायला लागायच्या आत माथ्यावरून उतरलेलं बरं. आणि अस्वलांसाठीचा स्प्रे पाठीवरच्या सॅकमध्ये नको, कमरेला हवा.

जंगल संपता संपता मिरर लेक लागतं. छोटंसं तळं आणि त्याच्यामागे थराथरांचा, घुमटासारखा उभा कडा. तोच बिग बीहाइव्ह. बाबांनी पहिल्यांदा दगडाला हात लावून पाहिला. हयात काळ्या बेसॉल्टवर गेलेली, आणि इथे गुलाबी-करडा, टणक क्वार्टझाइट.

तिथून थोडं वर लेक अॅग्नेस. लेक लुईसच्या काठापासून साधारण साडेतीन किलोमीटर आणि चारशे मीटरचा चढ. तळ्याच्या तोंडाशीच लाकडी टी हाऊस आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने १९०१मध्ये हा निवारा बांधला आणि १९०५पासून इथे चहा मिळतो. वर रस्ता नाही, वीज नाही. ताजं सामान इथे काम करणारी मुलं पाठीवर घेऊन चढतात. आल्याचा उकळलेला चहा मिळत नाही, पण समोर तळं आणि हातात गरम कप असताना बाबांची काही तक्रार नव्हती.

बहुतेक लोक इथून परत फिरतात. आम्ही तळ्याला वळसा घालून पलीकडच्या घसाऱ्यावर आलो. इथून खिंडीपर्यंत उभी नागमोडी वाट आहे, दिवसभरातला खरा दम काढणारा टप्पा तोच. दगडांतून चिर्र असा आवाज आला म्हणून थांबलो, तर हातभर अंतरावर पायका. मुठीएवढा जीव, गोल कान, शेपूट दिसतच नाही, आणि तोंडात आडवा धरलेला गवताचा जुडगा. हा प्राणी हिवाळ्यात झोपत नाही. उन्हाळाभर गवत वाळवून दगडांखाली साठवतो आणि त्यावर बर्फाचे महिने काढतो. आमच्याकडे एकदा पाहून तो फटीत गेला, जुडगा ठेवून आला आणि पुन्हा कामाला लागला.

माथ्यावर लाकडी छत्री आहे. तिच्यापुढे कडा सरळ तुटतो आणि खाली अख्खं लेक लुईस. एका अंगाला हे दुधाळ निळं-हिरवं पाणी, दुसऱ्या अंगाला अॅग्नेसचं गडद पाणी. एवढ्या जवळच्या दोन तळ्यांचा रंग इतका वेगळा का, ते इथूनच दिसतं. लेक लुईसच्या टोकाला ३,४६४ मीटरचा माउंट व्हिक्टोरिया आणि त्याच्या अंगावरची हिमनदी. तो बर्फ सरकताना खालचा खडक जात्यासारखा दळतो. ते पीठ इतकं बारीक, की तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतं आणि प्रकाशातला निळा-हिरवा भाग विखुरतं. अॅग्नेसला मुख्यतः वितळलेल्या बर्फाचं पाणी मिळतं, त्यात हे पीठ नाही. वरून पाहिलं की करडा ओढा सरोवराच्या टोकाशी कुठे शिरतो, त्याचा गढूळपणा कसा पसरत जातो आणि पुढे त्याचाच निळा रंग कसा होतो, हे सगळं एका नजरेत येतं. काठावर उभं राहून हे कळणं शक्य नाही.

खिंडीतून आम्ही दुसऱ्या बाजूला, प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्सकडे उतरलो. इथे हिमनदीने मागे टाकलेले मोरेनचे, म्हणजे दगडगोट्यांचे, उंच बांध आहेत. बर्फ एके काळी कुठवर होता, ते या बांधांवरून ओळखता येतं. आता तो खूप मागे, खूप वर गेलाय. वरच्या अॅबट पास या खिंडीत स्विस गाइडांनी १९२२मध्ये बांधलेली दगडी झोपडी होती. तिच्याखालचा बर्फ वितळला, उतार ढासळायला लागला आणि २०२२मध्ये ती उतरवावी लागली. बाबा त्या खिंडीकडे बराच वेळ बघत होते. "शंभर वर्षं टिकली की," एवढंच म्हणाले.

सरोवराच्या टोकाशी पोचल्यावर मी ओढ्याकाठचा करडा गाळ बोटांवर घेतला. चोळला तर एकही कण टोचत नाही, हात मऊ होतो. बाबांनीही चोळून पाहिला आणि रुमालाला पुसला. तिथून काठाकाठाने सपाट वाट, मग शटल. सगळा फेरा १५ किलोमीटरच्या आसपास, चहाचे थांबे धरून पूर्ण दिवसाचा.

सप्टेंबरच्या शेवटी मोरेन लेकच्या वरच्या लार्च व्हॅलीत जायचंय, झाडं पिवळी झाल्यावर. अस्वलांमुळे तिथे कधीकधी किमान चार जणांचा गट सक्तीचा असतो. बाबा तोवर मुक्काम वाढवणार आहेत, म्हणजे घरचे तिघं झालो. चौथा भिडू शोधतोय.