गुंडूच्या वाटीत पाणी जास्त

आषाढी एकादशी, रात्री

आज आमच्या कुत्र्याचे, गुंडूचे टाके निघाले. पोटावरची रेघ कोरडी आहे, सूज उतरलीय. मूतखड्याच्या ऑपरेशननंतर सुरुवातीला लघवीत गुलाबी छटा दिसायची तेव्हा माझे हातपाय गार पडायचे. मूत्राशयाला चीर दिली म्हणजे थोडं रक्त येणारच, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मात्र तो जोर करतोय आणि थेंबच पडतोय असं दिसलं, तर रात्र असो की पहाट, लगेच आणायचं. नर कुत्र्याची मूत्रनलिका अरुंद असते, तिच्यात खडा अडकला तर जिवावर बेततं.

लॅबचा रिपोर्टही आला. खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. राहिलेले खडे डबीत ठेवलेत. तांदळाच्या कणीएवढे, फिकट तपकिरी, बोटावर घेतले की टोकं टोचतात. हे एवढ्याशा पोटात घेऊन हा जीव रोज संध्याकाळी दारात शेपटी हलवत यायचा, हे आठवलं की गलबलतं.

कुत्र्यांत दोन प्रकारचे खडे जास्त दिसतात. स्ट्रुव्हाइट बहुतेकदा जंतुसंसर्गातून होतात, अँटिबायोटिक आणि खास आहाराने विरघळू शकतात. ऑक्झलेट एकदा झाला की कुठल्याच खाण्याने विरघळत नाही, काढावाच लागतो. शिह त्झू, ल्हासा, श्नाउझर अशा लहान जातींत तो बराच आढळतो आणि पुन्हा होण्याची भीतीही मोठी. म्हणून शेजारच्या काकूंनी मायेने आणलेली पानफुटीची पानं आणि कुळथाचं कढण मी त्याला दिलं नाही. त्यांची माया खरी, पण कुठला खडा आहे हे कळल्याशिवाय उपाय करू नये, असं मला अगदी मनापासून वाटतं.

आता सगळी मदार पाण्यावर. लघवी घट्ट झाली की त्यातले क्षार एकत्र येऊन स्फटिक धरतात. तिचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे घट्टपणाचं माप, 1.020 च्या खाली राहायला हवं, गुंडूचं तेव्हा 1.040 च्या वर होतं. पण कुत्र्याला ‘पाणी पी’ म्हणून थोडंच सांगता येतं! त्यामुळे कोरडं खाणं बंद. डॉक्टरांनी लिहून दिलेलं डब्यातलं ओलं खाणं, त्यात कोमट पाणी, अगदी सरसरीत होईपर्यंत. मधल्या वेळी चिकन उकळलेलं पाणी; मीठ नाही, कांदा-लसूण तर नाहीच. आधी तो पाणी तसंच ठेवून तळाचं तेवढं शोधायचा. पाणी हळूहळू वाढवत नेलं, आता वाटी चाटूनपुसून लख्ख करतो.

कॅल्शियमचा खडा म्हणून दही बंद करू का, असं मी विचारलं होतं. डॉक्टर नको म्हणाले. खाण्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं. ते तोडलं तर ऑक्झलेट जास्त शोषलं जातं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्याही नकोत, शरीरात त्याचंही ऑक्झलेट होतं.

आणि नेमकी आज एकादशी. रताळ्याचा कीस, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू. आईच्या ताटातलं जवळजवळ सगळंच ऑक्झलेटवालं, म्हणून त्याला वर्ज्य. तो सवयीने तिच्या खुर्चीखाली येऊन बसला. आई ताट उचलून आतल्या खोलीत गेली, दार लावून जेवली. म्हणाली, “अगं, तो असा बघत बसला की माझा हात राहत नाही.” मग तिलाच आठवलं, त्याचं चिकनचं पाणी संपलंय. एकादशीला आमच्या घरात चिकन कधी शिजलेलं नाही. तिने स्वतः गॅलरीत जुनी शेगडी मांडून दिली आणि मला म्हणाली, “लाव. आजारी आहे तो. विठोबाला कळतं.” मी शेगडीपाशी उभी राहून रडले.

पावसाचा एक ताप आहेच. पाय ओले होतात म्हणून गुंडू बाहेर जायला नाखूश असतो आणि लघवी धरून ठेवतो. ते चालायचं नाही. सध्या जिन्याखालच्या कोरड्या कोपऱ्यात नेते, दोन-तीन तासांनी एकदा तरी. जिना उचलूनच उतरवायचा, उड्या अजून काही दिवस बंद.

पुढे दर काही महिन्यांनी एक्स-रे काढायचा. खडा बारीक असतानाच दिसला तर पोट न उघडता बाहेर काढता येण्याची शक्यता असते. उद्या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी न्यायचीय. लांब दांड्याचा जुना डाव धुऊन दाराशी ठेवलाय, शेजारी स्वच्छ बाटली.