पाच मिनिटं पुढे

अण्णांच्या कपाटात चौदा घड्याळं निघाली. ठेवली होती कंडक्टरच्या जुन्या पत्र्याच्या तिकीटपेटीत. ज्या खणांत एकेकाळी तिकिटांचे गठ्ठे उभे असायचे, त्यांत पट्टा गुंडाळलेलं एकेक घड्याळ आडवं. पेटी एसटीची. ती आमच्या घरी कशी आली हे अण्णा असताना कुणी विचारलं नाही, आता विचारायला कुणी नाही.

माणूस गेला आणि घड्याळ थांबलं, असं काही झालं नव्हतं. ही जवळजवळ सगळी किल्लीची घड्याळं. पूर्ण किल्ली दिली की जेमतेम दीड दिवस चालणार. अण्णांनी किल्ली देणं सोडूनच दहा वर्षं झाली होती, अंगठा दुखायचा. तरी दर दिवाळीला पेटी उघडून काचा पुसायचे आणि परत ठेवायचे.

बहुतेक एचएमटी. जनता, पायलट, सोना, तरुण, कोहिनूर. हाक मारल्यावर कुणीतरी 'ओ' देईल अशी नावं. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीनं बंगळूरच्या सरकारी कारखान्यात ही घड्याळं बनू लागली आणि २०१६ मध्ये सरकारनं तो धंदा गुंडाळायचं ठरवलं. मधल्या काळात अख्ख्या देशाच्या मनगटावर हेच. कांचन तर लग्नातलं घड्याळ. जावई कांचनसाठी अडून बसायचा आणि सासरा वशिला शोधत फिरायचा. अण्णांचं कांचन त्यातलंच, आमच्या आजोबांना घाम फोडून आलेलं. ते ताईनं घेतलं, "आईच्या माहेरचं आहे" म्हणून. मुद्दा बिनतोड होता.

भाच्याला देवनागरी आकड्यांचं जनता हवं होतं. हल्ली त्याला भाव आहे म्हणे. विकणार नाही, घालणार आहे, असं दोनदा सांगितलं त्यानं. दोनदा सांगितलं म्हणून जरा शंका आली, पण दिलं.

खरी आशा एका फेवर-ल्युबावर होती. अण्णांनी ते मुंबईला चोरबाजारात घेतलं होतं आणि पाहुण्यांना दाखवताना "स्विस" हा शब्द जरा ताणून म्हणायचे. मिरजेच्या घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं, मिटलं. "मशीन चांगलं आहे. तबकडी मात्र रंगवलेली आहे." मूळ तबकडीवर अक्षरं अशी जाड नसतात, आणि इतका झगझगीत निळा तर नसतोच. काटे दुसऱ्याचे, डबी तिसऱ्याची. हौशी लोकांत अशा मालाला 'मुंबई स्पेशल'च म्हणतात. अण्णांना हे कळलं नाही ते बरंच झालं. की कळलं होतं? नंतर नंतर ते पाहुण्यांना दाखवत नसत, एवढं आठवतं.

ते मी ठेवलं. बाकीची ऑइलिंग करून दोन वर्षांनी ठरवू, असं ठरलं. म्हणजे ठरलं काहीच नाही.

आणि या सगळ्यात पंधरावं घड्याळ कुणी मोजलंच नव्हतं. मी नोकरीला लागल्यावर दिलेलं टायटन, सेलवर चालणारं, साधं. अण्णा रोज घालायचे ते हेच. दवाखान्यात नर्सनं काढून माझ्या हातात दिलं तेव्हा चालू होतं, तेराव्याला चालू होतं, घड्याळांची वाटणी झाली तेव्हाही आईच्या उशाशी चालू होतं. किल्लीची घड्याळं माणसाची वाट बघतात. या सेलवाल्याला कुणाचं काही नव्हतं.

अण्णा स्टँडवर कंट्रोलर होते. आयुष्यभर लोकांच्या गाड्या वेळेवर सोडल्यामुळे असेल, स्वतःचं घड्याळ ते पाच मिनिटं पुढे ठेवायचे. आई त्यातली पाच वजा करून वेळ सांगते. दूध, गोळ्या, मालिका, सगळं त्या वजाबाकीवर.

गेल्या महिन्यात त्याचा सेल संपला. मी नवा टाकून आणला. घड्याळजींनी न विचारताच बरोबर वेळ लावून दिली होती. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी आई घड्याळ कानाशी धरून बसली होती.

"अरे, हे मागं पडायला लागलंय," ती म्हणाली. "उद्या परत दाखवून आण."